पाऊस तेवढाच, मग ऑगस्ट कोरडा आणि सप्टेंबरात घरात पाणी कसं?

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसले होते, सोयाबीन माना टाकत होतं. त्यानंतर महिनाही उलटला नाही. २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, आणि नाग नदीचं पाणी डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, झाशी राणी चौक करत सीताबर्डीपर्यंत घुसलं. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: हे हवामानबदल सांगणारे लोक कधी दुष्काळ म्हणतात, कधी पूर म्हणतात, नक्की काय ते एकदा ठरवा ना.

ठरवण्यासारखं काही नाही, कारण दोन्ही एकाच बदलातून येतात. वर्षाच्या बेरजेत फारसा फरक दिसत नाही. बदललंय ते वाटप. पूर्वी चार-चार दिवस लागणारी झड कमी झाली, मधले कोरडे दिवस वाढले आणि जो पाऊस येतो तो मोजक्या तासांत उरकतो. ‘यंदा सरासरीच्या ९८ टक्के पाऊस’ ही बातमी वाचून निश्चिंत व्हायचे दिवस गेले, ते का हे खाली क्रमाने पाहू.

एक मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. त्यावर शंभर मिलिमीटर पडला तर ९,३०० लिटर, म्हणजे जवळपास एक मोठा टँकर. तोच पाऊस एक चौरस किलोमीटरवर पडला तर दहा कोटी लिटर, दहा हजार टँकर. आणि अंबाझरीत व नाग नदीत उतरणारं पाणी एका चौरस किलोमीटरचं नसतं.

हवामान विभाग चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला ‘मुसळधार’, त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘अति मुसळधार’ आणि त्याहून जास्त पावसाला ‘अत्यंत मुसळधार’ या वर्गात टाकतो. मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. या पद्धतीत एक गोम आहे. दिवसभर रिपरिप पडलेला ११० मिलिमीटर आणि पहाटे तीन तासांत आलेला ११० मिलिमीटर कागदावर सारखेच दिसतात. गटाराला, नाल्याला आणि शेताच्या बांधाला मात्र दोन्हींतला फरक लगेच कळतो.

हवा तापली की पाण्याचं काय होतं?

हे समजायला घरच्या कूलरकडे बघा. मे महिन्यात बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या खसमधून आत येते. खसमधलं पाणी उडून त्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच जाते आणि हवा गार होते. म्हणूनच भर उन्हाळ्यात सकाळी भरलेली टाकी दुपारी तळाला जाते. तोच कूलर जुलैत लावा: टाकीतलं पाणी हलत नाही आणि खोली नुसती चिपचिप होते, कारण हवेत आधीच भरपूर वाफ आहे. या वाफेलाच बाष्प म्हणायचं, यापुढे तोच शब्द वापरू.

हवा जितकी तापलेली, तितकं जास्त बाष्प तिच्यात मावतं. ३० अंशांवर एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशांवर सतराच. तापमान एक अंशाने वाढलं की ही मर्यादा सहा ते सात टक्क्यांनी वाढते. पृथ्वीचं सरासरी तापमान १८५०-१९०० च्या तुलनेत एक अंशाहून अधिक वाढलं आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ढग बनताना आजूबाजूच्या मोठ्या टापूतली दमट हवा एका जागी ओढली जाते, त्यामुळे थोडं जादा बाष्पही एकवटून येतं. शिवाय बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, ती ढगाला आणखी वर ढकलते आणि ढग आणखी हवा ओढून घेतो. सर जोरदार होते ती अशी.

मग मधले दिवस कोरडे का? हा भाग बहुतेक लेखांत सुटतो. हवेची बाष्प धरण्याची मर्यादा अंशाला सात टक्क्यांनी वाढते, पण जगभरातला एकूण पाऊस अंशाला फक्त एक ते तीन टक्क्यांनी वाढतो, कारण पाण्याची वाफ व्हायला लागणारी ऊर्जा त्या वेगाने वाढत नाही. आता हिशोब करा. प्रत्येक मोठी सर सात टक्क्यांनी जड झाली आणि वर्षाची बेरीज दोन टक्क्यांनीच वाढली, तर सरींची संख्या कुठेतरी कमी व्हायलाच हवी. एक मोठी सर हवा पिळून काढते आणि ती पुन्हा भरायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्या दरम्यान तापलेली हवा मातीतली ओल ओढत राहते, म्हणजे खंडही आधीपेक्षा जास्त बोचतो.

विदर्भाचा पाऊस येतो कुठून?

मुंबईचा पाऊस अरबी समुद्राचा, सह्याद्रीला अडून पडलेला. घाट ओलांडून पुढे येणारी हवा बरीच रिकामी झालेली असते. नागपूरला मोठा पाऊस मिळतो तो बहुतांशी बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे. ही क्षेत्रं ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात आणि वाटेत अरबी समुद्राकडूनही बाष्प खेचून घेतात. पावसाळ्यात राजस्थानपासून उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पसरलेला असतो. तो आपल्या बाजूला असला की पाऊस. उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की आपल्याकडे खंड आणि बिहार, नेपाळच्या तराईत पूर. विदर्भात उघाड पडलेली असताना टीव्हीवर उत्तर बिहारचे पूर दिसतात, तो योगायोग नसतो.

आता यात समुद्राची भर घाला. १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातलं पृष्ठाचं पाणी सरासरी एका अंशाने तापलं. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर मान्सूनचे वारे चालतात. समुद्रही तापल्याने तो फरक कमी होतो आणि वाऱ्याचा नेहमीचा, सातत्याचा जोर घटतो. वर आपल्याच धुराचा आणि धूलिकणांचा थर, तो जमिनीवर पोहोचणारं ऊन अडवतो. एकीकडे वाहून आणणारी यंत्रणा ढिली, दुसरीकडे समुद्रावर बाष्प आधीपेक्षा जास्त. परिणामी रोजचा पुरवठा अनियमित होतो, पण वारा जोरात आला की एका खेपेत भरपूर माल उतरतो.

केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये काढलेल्या हवामानबदलाच्या अहवालात हे आकड्यांत आहे. १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा जून-सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. आणि १९५१-८० च्या तुलनेत १९८१-२०११ मध्ये पावसाळ्यातले खंड २७ टक्क्यांनी वाढले. या अभ्यासांत ‘मध्य भारत’ म्हणून जो चौकोन घेतला जातो, नागपूर त्याच्या आतच येतं.

तीनशे मिलिमीटरचे दोन जुलै

जुलै हा आपला सगळ्यात पावसाचा महिना, साधारण तीनशे मिलिमीटरच्या घरातला. समजा पहिल्या जुलैत वीस दिवस रोज १५ मिलिमीटर पाऊस पडला, प्रत्येक वेळी सहा तासांत. म्हणजे तासाला अडीच मिलिमीटर. दुसऱ्या जुलैत फक्त तीन दिवस पाऊस, प्रत्येक वेळी तीन तासांत १०० मिलिमीटर. म्हणजे तासाला तेहतीस. दोन्हींची बेरीज तीनशे.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या सरींचं पाणी त्या भेगांतून थेट खाली जातं. पण माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि मग तासाला काही मिलिमीटर एवढंच पाणी मुरतं. पाच धरू. पहिल्या जुलैत तासाला अडीच येतंय आणि पाच मुरू शकतं, म्हणजे जवळपास सगळं जमिनीत. दुसऱ्या जुलैत तीन तासांत पंधरा मिलिमीटर मुरलं, उरलेलं पंच्याऐंशी उताराने निघालं. तीन दिवसांचे मिळून मुरले ४५ आणि वाहून गेले २५५, सोबत शेताची वरची माती घेऊन. दोन्ही वर्षी पेपरात ‘जुलैत सरासरीइतका पाऊस’ छापून येणार. एका वर्षी विहिरीला मार्चपर्यंत पाणी, दुसऱ्या वर्षी दिवाळीतच मोटर हवा ओढायला लागते.

पश्चिम नागपूर, काटोल, नरखेडकडे खाली काळा पाषाण आहे. तो पाणी साठवतो तो भेगांत आणि झिजलेल्या थरात, आणि ती जागा मुळातच थोडी. अशा खडकाला सावकाश पडणारा पाऊस लागतो. दोनशे मिलिमीटर एका दमात दिलेत तरी तो घेऊ शकत नाही.

“पूर तर पूर्वीही यायचे”

यायचेच. नरखेड तालुक्यातलं मोवाड ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात वाहून गेलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यामुळे कुठल्याही एका पुराकडे बोट दाखवून ‘हा हवामानबदलाचा पूर’ म्हणणं चुकीचं आहे. तसं ठरवायला त्या घटनेचा स्वतंत्र अभ्यास लागतो. अनेक दशकांच्या नोंदींवरून सांगता येते ती वारंवारता: जो पाऊस आजोबांच्या आयुष्यात एकदा-दोनदा दिसला असता, तो आता किती वेळा येतो. ६ जुलै २०१८ ला नागपुरात पावसाळी अधिवेशन सुरू असताना विधानभवनाच्या वीजकेंद्रात पाणी शिरून कामकाज बंद पडलं. पाच वर्षांनी अंबाझरी. नाल्यांची रुंदी ठरवणाऱ्याने विचारात घ्यायचं ते हे अंतर.

“हवामानबदल कसला, सिमेंट रस्त्यांचा दोष आहे”

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. २३ सप्टेंबरचा पाऊस ढगफुटी नव्हता. ढगफुटी म्हणायला एका तासात शंभर मिलिमीटर लागतो. इथे शंभरेक मिलिमीटर काही तासांत आला आणि तरी शहर बुडालं. रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा उंच झालेले, नाग नदीचं पात्र दोन्ही बाजूंनी आवळलेलं, पावसाळी गटारात प्लॅस्टिक. अंबाझरीच्या सांडव्यापुढच्या बांधकामाचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. सिमेंटवर पडलेल्या शंभरातले नव्वदच्या आसपास मिलिमीटर वाहतात, मातीच्या मैदानावर त्याहून बरेच कमी.

पण दोन कारणं एकमेकांना खोडत नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. पाऊस दहा-पंधरा टक्क्यांनी जोरदार झाला आणि त्याच काळात मुरण्याची जागा निम्म्याने घटली, तर नाल्यात येणारं पाणी पंधरा टक्क्यांनी नाही, त्याच्या कित्येक पट वाढतं. आभाळातली वाढ महापालिकेच्या हातात नाही. पात्र मोकळं ठेवणं आहे. हवामानबदलाचं नाव घेऊन कुणी त्यातून अंग काढून घेत असेल, तर त्याला हाच गुणाकार दाखवावा.

एकाच वर्षात टंचाई आणि उघडलेले दरवाजे

नागपूरचं पिण्याचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून येतं: वर तोतलाडोह, खाली नवेगाव खैरी, जोडीला कन्हान नदी. तोतलाडोहचा उपयुक्त साठा हजार दशलक्ष घनमीटरच्या आसपास. २०१९ च्या जुलैत तो तळाला गेला आणि शहराला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं. पाऊस लांबला होता आणि वरच्या बाजूला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या चौराई धरणात आधी पाणी अडत होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात तोतलाडोह पूर्ण भरून दरवाजे उघडावे लागले.

धरण चालवणाऱ्यांची पंचाईत इथे कळते. पाऊस टप्प्याटप्प्याने येईल या अंदाजावर कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा हे वेळापत्रक बांधलेलं असतं. लवकर भरून ठेवावं तर ऑगस्टअखेरच्या एका मोठ्या पावसाला जागा उरत नाही आणि एकदम विसर्ग करावा लागतो. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी पेंच आणि वैनगंगेच्या काठावर तो पूर सगळ्यांनी पाहिला. जागा रिकामी ठेवावी तर तो मोठा पाऊस आलाच नाही की उन्हाळ्यात टँकर. हे भांडण नुसतं पंचांगाच्या तारखांवर सुटणार नाही. वरच्या खोऱ्यातला पाऊस आणि चौराईतली पातळी तासातासाला कळवण्याची सोय हवी.

“मेमध्येच पाऊस आला, मग वाईट काय?”

२०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. नंतर मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत तो जागच्या जागी थबकला. लवकर आलेल्या पावसावर तिफण चालवणाऱ्याचं बियाणं उगवतं आणि उन्हात करपतं. मग दुबार पेरणी, बियाण्याचा दुसरा खर्च. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये हा सल्ला आता जास्तच पाळावा. हातातली खूण हवी असेल तर फावड्याने एक वीत खोल उकरा. वर ओल आणि खाली कोरडी ढेकळं असतील तर थांबा.

संत्र्याचं गणित आणखी नाजूक. मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये झाडाचं पाणी तोडून ताण देतात आणि जूनच्या पावसाने झाड फुलतं. मेच्या मध्यात एखादा चांगला पाऊस झाला की ताण तुटतो, फुलांऐवजी नवती (नवी पालवी) फुटते आणि त्या वर्षीचा बहार हातचा जातो. हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या अंबिया बहाराला उलट दुखणं: एप्रिल-मेच्या उष्णतेत बारीक फळं गळतात, ऑगस्ट-सप्टेंबरात मुळाशी पाणी साचलं की पुन्हा फळगळ. आणि परतीचा पाऊस लांबला तर कापणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगेतच कोंब फुटतात.

“एवढी थंडी पडते, मग तापमानवाढ कुठली?”

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता. उत्तरेकडून गार वारा आला की असं होणारच. सरासरी वाढली म्हणून थंड दिवस रद्द होत नाहीत, ते विरळ होतात. जाता जाता: ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश नोंदल्याची बातमी फिरली होती. ती स्वयंचलित केंद्राच्या बिघडलेल्या सेन्सरची करामत होती, हवामान विभागानेच तसं स्पष्ट केलं. ज्या आकड्याने धक्का बसतो तो आधी तपासावा.

शेतात आणि छतावर काय बदलायचं

शेतात पावसाचा वेग अडवायचा आणि जादा पाण्याला वाटही द्यायची, दोन्ही एकदम. सोयाबीन रुंद वरंबा-सरी पद्धतीने (उंच वरंब्यावर पीक, शेजारी पाण्याची चर म्हणजे सरी) पेरलं तर खंडात वरंब्यात ओल टिकते आणि जोरदार पावसात सरीतून पाणी निघून जातं. यंत्र नसेल तर साधारण महिन्याभराच्या पिकात शेवटच्या डवरणीला (कोळपणीला) डवऱ्याला दोरी गुंडाळून काही ओळींआड सरी पाडतात, खर्च जवळपास शून्य. सरी उताराला आडवी हवी. उताराच्या दिशेने पाडली की तोच ओहोळ होतो आणि माती घेऊन जातो. शेततळं असेल तर पाणी आत येण्याआधी गाळ बसायला एक छोटा खड्डा ठेवा, नाहीतर जोराच्या पावसात दोन-तीन वर्षांत तळं उथळ होतं.

शहरात हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला तर ९३ हजार लिटर पाणी पडतं. गळती, उडालेलं पाणी वजा जाता सत्तर-पंचाहत्तर हजार हाती येतं. ते बोअरच्या शेजारच्या खड्ड्यात सोडायचं असेल तर खड्डा काळी माती भेदून मुरमापर्यंत गेला पाहिजे. चार फुटांवर काळ्या मातीतच थांबवलेला खड्डा डबक्यासारखा भरून राहतो आणि डास पाळतो. सगळ्यात खाली मोठे दगड, त्यावर गिट्टी, मग नायलॉनची जाळी आणि सगळ्यात वर जाड रेती, प्रत्येक थर फूट-सव्वा फुटाचा. जाळी विसरली की रेती गिट्टीत उतरते आणि गाळणी संपली.

उभ्या पाइपला खाली एक बगल-व्हॉल्व्ह ठेवा. हंगामाच्या पहिल्या सरींचं पाणी, आणि नंतरही लांब खंडानंतरच्या सरीचे पहिले शंभर-दोनशे लिटर, बाहेर सोडून द्या. त्यात पक्ष्यांची घाण आणि महिनाभराची धूळ असते. खंड वाढल्यामुळे हे काम आता एकदा करून भागत नाही, पावसाळ्यात चार-पाच वेळा करावं लागतं. गच्चीवर कपडे धुण्याचं पाणी त्याच पाइपला जोडलेलं नाही ना, ते आधी बघा. आणि दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात रेतीचा वरचा दोन-तीन इंचांचा थर काढून धुऊन परत टाका. तो चिकट झाला असेल तर तासाला तीस मिलिमीटरच्या सरीत पाणी खड्ड्यात न जाता वरून अंगणात येतं.